मॉर्व्हनवर जाताय? या चुका टाळा

स्कॉटिश हायलँड्सच्या उत्तर टोकाला, केथनेसमध्ये, मॉर्व्हन हा शंकूसारखा एकटा डोंगर आहे. उंची फक्त 706 मीटर, आणि तो आकडा पाहूनच लोक फसतात. "अर्ध्या दिवसाचं काम" म्हणत दुपारी बारा वाजता पायथ्याच्या ब्रेमोर वस्तीतून निघणारे नेहमी दिसतात.

ब्रेमोरहून जाऊन-येऊन अंतर 16 किलोमीटरच्या आसपास आहे. चालायच्या वेळेचा अंदाज देणाऱ्या नेस्मिथच्या नियमाने (5 किलोमीटरला 1 तास, 600 मीटर चढाईला आणखी 1 तास) सव्वाचार तास होतात. पण हा नियम चांगल्या वाटेचा आहे. इथे कोरिकॉइख नावाच्या घरापर्यंत कच्चा रस्ता आहे. पुढे गुडघाभर हेदर (खुरटी झुडपं) आणि पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल लागते, आणि वेग ताशी दोन किलोमीटरवर येतो. सहा-सात तास धरा. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उजाडताच निघा आणि परत फिरायची वेळ घरीच ठरवा. शिखर शंभर मीटरवर राहिलं तरी ती बदलायची नाही.

दलदलीत हिरवंगार, मखमली शेवाळ दिसलं की वळसा घ्या. तिथे पाय मांडीपर्यंत जातो. हेदर उगवलेली जमीन त्यामानाने भक्कम असते.

दुसरी चूक माथ्यावरची. ढग उतरतो, फोटो काढताना लोक दोनदा-तीनदा गोल फिरतात आणि समोरचा उतार "आलो तोच" समजून सुटतात. शंकूच्या सगळ्या बाजू सारख्याच दगडाळ असतात. पश्चिमेला उतरलात तर पुढचा गाडीरस्ता 10 किलोमीटरहून लांब. सह्याद्रीत खाली वाडीवर कुणीतरी भेटतं, इथे कुणी नाही.

म्हणून चढतानाच होकायंत्रावर दिशा घेऊन कागदावर लिहा. उतरताना त्यात 180 अंश मिळवा; बेरीज 360 च्या वर गेली तर 360 वजा करा. होकायंत्र मोबाइलजवळ धरू नका, सुई भरकटते. फक्त मोबाइलच्या नकाशावर विसंबणं हा आळस आहे. थंडीत बॅटरी पटकन उतरते.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांची शिकार चालते. आधी चौकशी करा.

संकटात एसएमएसने मदत मागता यावी म्हणून 'register' असा एसएमएस 999 या ब्रिटनच्या आपत्कालीन क्रमांकावर पाठवून नोंदणी आधीच करून ठेवा. सिग्नल कमी असला की फोन लागत नाही, पण मेसेज जाऊ शकतो. मदतीसाठी शिट्टीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा.

घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड शोधा. तेल लावू नका, जाळू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.