नगरपरिषदेच्या कर विभागात रुजू होताना

कर विभागात नव्याने येणाऱ्यांना धास्ती असते ती मालमत्ता कराच्या वसुलीची: लोक अंगावर आले तर? मी प्रत्येकाला सांगतो, वसुलीआधी आकारणी शिका, म्हणजे कुठल्या मालमत्तेला किती कर लागतो ते ठरवणं. वाद होतो दारात, पण त्याचं मूळ बहुतेकदा आपल्याच रजिस्टरात असतं.

सुरुवातीला कोणाला कोण नेमतं ते समजून घ्या. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालणाऱ्या नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी 'कर निर्धारण व प्रशासकीय सेवा' हा राज्यस्तरीय संवर्ग (केडर) आहे. नगरपरिषद प्रशासन संचालनालयाच्या परीक्षेतून तुम्ही यात येता, त्यामुळे बदली दुसऱ्या जिल्ह्यातही होऊ शकते. मुख्याधिकारी येतात एमपीएससीतून. मालमत्तांचं मूल्य ठरवण्यात नगररचना विभागाचा अधिकारी असतो आणि कराचा दर ठरतो नगरपरिषदेच्या सभेच्या ठरावाने. बिलं वाटणारे वसुली लिपिक आणि शिपाई मात्र वर्षानुवर्षं त्याच गावात काम केलेले असतात. त्यांच्याबरोबर पायी फिरा; कुठल्या घराची वाटणी झाली, कुठे वरचा मजला चढला, हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही. (महानगरपालिकांचा कायदा वेगळा. मुंबईत तर १८८८ चा अधिनियम, आणि खात्याचा प्रमुख 'करनिर्धारक व संकलक'.)

खरं शिकणं होतं दर चार वर्षांनी होणाऱ्या चतुर्वार्षिक आकारणीत. यादी प्रसिद्ध होते, हरकती येतात, सुनावण्या लागतात. या सुनावण्यांना नुसते हजर राहू नका, प्रत्येक हरकतीची जागेवरची मोजणी स्वतः पाहून या. बंद पडलेल्या दुकानाला चालू दुकानाचा दर लागलेला असतो, पत्र्याची शेड आरसीसी म्हणून नोंदलेली असते. माणूस चिडतो तो कर भरायचा नसतो म्हणूनच असं नाही. आपलं घर कागदावर चुकीचं लिहिलंय, याचाही राग असतो. ते ऐकून घेणं हे आपल्या कामाचाच भाग आहे, असं मी मनापासून मानतो.

बिलातली प्रत्येक ओळ समजावता आली पाहिजे. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर आपण गोळा करतो, पण ते शासनाकडे भरायचे असतात. वृक्ष कराला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याचा आधार आहे.

थकबाकीचं बोलायचं तर, सगळ्यात चिवट थकबाकी वारसांची. बिल आजोबांच्या नावाने निघतं, घरात तीन भाऊ, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा भरेल. तिथे नोटिसांवर नोटिसा काढण्यापेक्षा नामांतराचा आणि मालमत्तेच्या फोडीचा अर्ज भरून घ्या. आपला हिस्सा स्वतंत्र दिसला की पैसे भरणारे खूप जण मी पाहिलेत.

मार्चअखेर दबाव येतोच. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांचं अनुदान मालमत्ता कराच्या वसुलीतल्या वाढीशी जोडलं होतं. तरी जप्तीला निघण्याआधी अधिपत्रावरचं (जप्तीच्या वॉरंटवरचं) नाव आणि मालमत्ता क्रमांक रजिस्टराशी ताडून पाहा, आणि मागणीची नोटीस बजावल्याची पोच फाइलला आहे ना, याची खात्री करा. ती नसेल तर त्या दिवशी पथक काढू नका.