अमेरिकन यादवी युद्धाची कारणं लिहिताना या चुका टाळा

जागतिक इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘उत्तरेत कारखाने होते, दक्षिणेत शेती होती, त्यामुळे यादवी युद्ध झाले.’ दोन्ही तुकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. चूक आहे ती मधल्या ‘त्यामुळे’त.

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या, कापड गिरण्या दक्षिणेतल्या कापसावरच चालत. न्यूयॉर्कचे व्यापारी मळेवाल्यांना उधारी देत, त्यांचा माल जहाजावर चढवत. युद्धाच्या तोंडावर देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा होता आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत जवळपास ४० लाखांवर गेली. म्हणजे धंद्याने दोन्ही प्रदेश एकमेकांत गुंतलेले होते. मग फाटलं कुठे? पश्चिमेच्या नव्या जमिनीवर.

म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी नकाशा समोर घ्या. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, प्रत्येक राज्याला, लहान असो वा मोठं, दोनच जागा. १८१९ मध्ये गुलामगिरी असलेली राज्यं ११ आणि नसलेलीही ११. अशा वेळी मिसुरीने गुलामगिरीसह प्रवेश मागितला आणि तराजू हलला. १८२० च्या तडजोडीत मिसुरीच्या जोडीला मेन हे मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेलं, राज्य आलं, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या बाकीच्या लुइझियाना प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी नको असं ठरलं. पुढे मेक्सिकोशी युद्ध झालं, १८४८ मध्ये प्रचंड मुलूख हाती आला, आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला: इथे कायदा कुणाचा? घटनाक्रम पाठ होत नसेल तर प्रत्येक सालापुढे एवढंच लिहा: कोणती जमीन, कुणाचा कायदा. साखळी आपोआप लागते.

‘१८५० च्या तडजोडीने तणाव निवळला’

ही चूक हुशार मुलंही करतात, कारण ‘तडजोड’ हा शब्दच फसवतो. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा मिळाला. त्याची कलमं एकदा नीट वाचा. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा हक्क नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरने त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी १० डॉलर, सोडून दिलं तर ५. पळणाऱ्याला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद.

तोवर गुलामगिरी ही उत्तरेतल्या बोस्टनच्या माणसासाठी दूरची गोष्ट होती. या कायद्याने ती त्याच्या गल्लीत आणून उभी केली. व्हर्जिनियातून पळून आलेला, विशीतला अँथनी बर्न्स बोस्टनमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करत होता. मे १८५४ मध्ये त्याला पकडलं आणि २ जूनला सैनिकांच्या पहाऱ्यात रस्त्याने चालवत जहाजाकडे नेलं. दुतर्फा हजारोंची गर्दी, इमारतींवर काळी कापडं, आणि रस्त्यावर लटकवलेल्या एका शवपेटीवर अक्षरं: ‘स्वातंत्र्य’. एका माणसाला परत नेण्यासाठी एवढा फौजफाटा. अमॉस लॉरेन्स हा तिथला कापडधंद्यातला धनिक, दक्षिणेशी जुळवून घेणाऱ्यांपैकी. त्याने लिहून ठेवलं की रात्री आम्ही जुन्या वळणाचे, तडजोडवादी म्हणून झोपलो आणि उठलो ते कट्टर गुलामगिरीविरोधक होऊन. पुढे त्याने कॅन्ससला जाणाऱ्या मुक्तराज्यवादी वसाहतवाल्यांना पैसा पुरवला. तिथलं लॉरेन्स हे गाव त्याच्याच नावाचं; मे १८५६ मध्ये गुलामगिरी समर्थकांच्या टोळीने ते लुटलं.

कॅन्ससमध्ये हे पेटलं कसं? सिनेटर स्टीफन डग्लसच्या १८५४ च्या कायद्याने १८२० ची रेषाच पुसली आणि गुलामगिरीचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला. मग दोन्हीकडून माणसं बंदुका घेऊन मतदानाला धावली. त्याच वर्षी गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष जन्मला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदेशांत गुलामगिरीला मनाई करण्याचा काँग्रेसचा (अमेरिकी संसदेचा) अधिकारच नाकारला, आणि मधली वाट जवळजवळ बुजली.

‘दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली’

हे लिहिलंत तर लगेच पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: कोणत्या हक्कासाठी? पळालेले गुलाम पकडायला मदत करणार नाही, असे कायदे उत्तरेतल्या राज्यांनी केले, तेव्हा ते राज्याचाच हक्क वापरत होते. दक्षिणेने त्याला विरोध केला आणि केंद्राचा बडगा मागितला. डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटून निघताना साउथ कॅरोलिनाने दिलेल्या कारणांत हीच तक्रार ठळक आहे. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचं सरळ म्हटलं आहे. युद्धाचं कारण आयात करावर ढकलणाऱ्यांनी हेही पाहावं: १८५७ चा कर कित्येक दशकांतला सर्वांत कमी होता, आणि वाढीव कर १८६१ मध्ये मंजूर झाला तेव्हा ७ राज्यं आधीच बाहेर पडली होती.

‘उत्तरेतले सगळे गुलामांच्या बाजूचे’

मराठी वाचकाकडून ही चूक होणं समजण्यासारखं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. तो गौरव रास्त आहे. मला ते पान वाचताना आजही भरून येतं. पण ज्यांचा गौरव आहे ते लोक त्यांच्याच प्रांतात बराच काळ अल्पसंख्य होते, त्यांच्या सभा उधळल्या जात. लिंकनच्या इलिनॉयने १८५३ मध्ये कृष्णवर्णीयांना राज्यात वस्तीला यायलाच बंदी केली होती. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको म्हणणाऱ्या अनेकांना ती जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी हवी होती. गुलामगिरीचा विस्तार रोखणं आणि गुलामगिरी नष्ट करणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. उत्तरात त्या वेगळ्याच ठेवा. १८६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार लिंकनची मागणी पहिली होती.

तरीही दक्षिण का हादरली, हे समजायला त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे पाहा. मतपत्रिका तेव्हा पक्षच छापून वाटत. दक्षिणेतल्या १० राज्यांत लिंकनच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. देशभरात त्याला सुमारे ४० टक्के मतं पडली. राष्ट्राध्यक्षाची अंतिम निवड राज्यांचे प्रतिनिधी करतात; निवडून यायला त्यांची १५२ मतं पुरेशी होती; त्याला १८० मिळाली, आणि त्यातलं एकही गुलामगिरी असलेल्या राज्यातून आलेलं नव्हतं.