गेरच्या दिवशी घरून लॅबचं मशीन चालवायचंय? आदल्या दिवशीच बघून ठेवा

रंगपंचमीला इंदूरात गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघाली की राजवाड्याच्या आसपासचे रस्ते बंद, त्यामुळे लोकमान्य नगर, सुदामा नगर या बाजूला राहणाऱ्याने विजय नगरच्या ऑफिसात जायचा विचारच सोडावा, पोचलात तरी ओळखू येणार नाही. आणि नेमकं तेव्हाच ज्याला लिनक्स मशीनवरचा खिडकीवाला प्रोग्रॅम उघडायचाय (सिम्युलेशनचा, ग्राफ काढायचा, काहीही) त्याने ही तयारी ऑफिसात बसलेलं असतानाच करून ठेवावी, तहान लागल्यावर विहीर खणायला रंगपंचमीला कोणी अ‍ॅडमिन फोन उचलत नाही भिया.

लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेचं नाव एक्स, आणि त्या खिडक्या लांबून घरी आणायचा रस्ता म्हणजे एसएसएच, नेटवरून दुसऱ्या मशीनमध्ये सुरक्षित लॉगिन करायची सोय. आधी एक उलटी वाटणारी गोष्ट डोक्यात पक्की बसवा, एक्स सर्व्हर म्हणजे तुमच्या समोरचं मशीन, ज्याला स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आहे ते, आणि लांब ऑफिसात चालणारा प्रोग्रॅम हा क्लायंट. ही रचना १९८४ सालची, एमआयटीच्या अथेना प्रोजेक्टमधली, आणि आजही चालतं ते एक्स११ १९८७ चं, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांपेक्षा वयाने मोठं. तर घरी एक्स सर्व्हर हवा. घरी लिनक्स असेल तर आहेच, वेलँडवाला (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) डेस्कटॉप असला तरी त्यातला एक्सवेलँड सांभाळून घेतो. मॅक असेल तर एक्सक्वार्ट्झ वेगळं टाकावं लागेल, ॲपलने २०१२ च्या माउंटन लायनपासून आपलं एक्स११ देणं बंद केलं, आणि टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा नाहीतर काहीच उघडत नाही आणि माणूस उगाच नेटवर्कला शिव्या देत बसतो. विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही चालतं.

ऑफिसच्या मशीनवर दोन गोष्टी बघा. एसएसएचडीच्या (बाहेरून येणारं लॉगिन घेणारा प्रोग्रॅम) कॉन्फिग फाइलमध्ये एक्स११ फॉरवर्डिंगपुढे येस आहे का (उबंटू लिनक्समध्ये आधीपासून येस असतं, मूळ ओपनएसएसएचमध्ये मात्र नो), आणि एक्सऑथ नावाचं छोटं पॅकेज (खिडकी दाखवायची परवानगी सांभाळणारं) आहे का, कारण डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर ते बऱ्याचदा नसतं आणि मग लॉगिन मस्त होतं पण खिडकी काही येत नाही. कॉन्फिग बदललं तर एसएसएचडी रीस्टार्ट करा, पण चालू असलेलं लॉगिन बंद न करता दुसऱ्या टर्मिनलमधून नवीन लॉगिन होतंय का ते आधी तपासा. होम फोल्डरची जागा फुल नाही ना तेही बघून घ्या, एक्सऑथला स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये कुकी, म्हणजे परवानगीची खूण, लिहायची असते, डिस्क भरली की ती लिहिली जात नाही आणि एरर असा येतो की डिस्कचा संशयसुद्धा येत नाही.

आता जोडून बघायचं. एसएसएच मायनस कॅपिटल एक्स लावून लॉगिन करा आणि एको करून डिस्प्ले व्हेरिएबल (खिडकी कुठे दाखवायची ते सांगणारं) बघा, लोकलहोस्ट कोलन १०.० असं काहीतरी दिसायला हवं, दिसलं की हात लावू नका. हे मुद्दाम सांगतोय कारण जुन्या पोस्टमध्ये डिस्प्लेला घरचा आयपी हाताने द्या आणि घरी एक्सहोस्ट प्लस मारा असा सल्ला असतो, तो अजिबात ऐकू नका. एक्सहोस्ट प्लस म्हणजे पोर्ट ६००० पर्यंत पोचेल त्या कोणालाही तुमच्या स्क्रीनचा ताबा, तुम्ही टाइप करताय तो पासवर्डसुद्धा वाचता येतो. शिवाय हल्लीचा एक्स सर्व्हर टीसीपीवर मुळात ऐकतच नाही, म्हणजे धोकाही पत्करायचा आणि खिडकीही नाही. ऑफिसच्या मशीनवर कोणी कधीकाळी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताच आपोआप चालणारी फाइल) डिस्प्लेची ओळ लिहून ठेवली असेल तर ती काढा.

कॅपिटल एक्सने खिडकी उघडून मध्येच प्रोग्रॅम कुरकुर करायला लागला, किंवा साधारण २० मिनिटांनी नवीन खिडक्या उघडेनाशा झाल्या, तर कॅपिटल वाय वापरा. मायनस कॅपिटल एक्समध्ये लांबच्या प्रोग्रॅमवर विश्वास न ठेवता त्याला बांधून ठेवतात आणि त्याची मुदत तेवढीच असते, वायमध्ये पूर्ण विश्वास. डेबियन-उबंटूवरून जोडत असाल तर दोन्ही सारखेच वागतात. वाय फक्त आपल्या भरवशाच्या मशीनलाच, कॉलेजच्या कॉमन सर्व्हरला नको.

मराठी नावांच्या फाइली किंवा ग्राफवर देवनागरी लेबलं असतील तर फॉन्ट बघा, आणि फॉन्ट घरच्या नाही, ऑफिसच्या मशीनवर हवेत, कारण आजचे प्रोग्रॅम अक्षरं तिकडेच काढून चित्रासारखी पाठवतात. लोहित देवनागरी पॅकेज टाकलं की अक्षरांच्या जागी येणारे चौकोन जातात. घरच्या लॅपटॉपवर कितीही फॉन्ट भरलेत तरी चौकोन चौकोनच राहतील.

स्पीडबद्दल खोटी आशा नको. एक्स११ मध्ये प्रत्येक छोट्या गोष्टीला प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर चालतं, म्हणून नेट १०० एमबीपीएसचं असलं तरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असेल तर मेनू रांगत उघडतो. साधा एडिटर, प्लॉट, सेटिंगची खिडकी, ठीक. ब्राउझर किंवा थ्रीडी मॉडेल फिरवायचं असेल तर मायनस कॅपिटल सी (डेटा दाबून पाठवणारं) लावूनही फार फरक पडत नाही, तिथे सरळ व्हीएनसी (लांबच्या मशीनचा अख्खा स्क्रीन दाखवणारं) बसवा आणि मोकळे व्हा.

आणि लाईट. घरची लाईट गेली, राऊटर बंद पडला, की एसएसएच तुटतं आणि त्यातून उघडलेला प्रोग्रॅमही जातो, सेव्ह न केलेलं सगळं घेऊन. टीमक्स आहे ना, असं म्हणतात लोक, पण टीमक्स टर्मिनल वाचवतं, खिडकी नाही. त्यासाठी एक्सप्रा, दोन्हीकडे टाकायचं, मग लाइन तुटली तरी प्रोग्रॅम तिकडे चालू राहतो आणि परत जोडलं की खिडकी होती तशी हातात येते. लांबलचक चालणारा हिशोब मात्र खिडकीशिवाय टीमक्समध्येच लावा, खिडकी फक्त निकाल बघायला.

ऑफिसचं मशीन आपोआप झोपायला जात नाही ना तेही सेटिंगमध्ये बघा, डेस्कटॉपवाल्या उबंटूत ऑटोमॅटिक सस्पेंड असतं आणि झोपलेल्या मशीनला एसएसएच काही उठवत नाही. सुट्टीआधी कोणीतरी सगळे स्विच बंद करत फिरतं, म्हणून प्लगवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा, "चालू आहे, बंद करू नये", हिंदीतही लिहा.

सगळं झालं की ऑफिसच्या वायफायवरून नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तपासा, कारण आतून तर चालणारच, बाहेरून व्हीपीएन किंवा मधला जंप सर्व्हर लागतो की नाही ते तेव्हाच कळतं, आणि लागत असेल तर परवानगी त्याच दिवशी मागून घ्या. आधी एक्सक्लॉक उघडा, उबंटूत ते एक्स११-ॲप्स पॅकेजमध्ये मिळतं, घड्याळ दिसलं तर रस्ता मोकळा. मग खरा प्रोग्रॅम, खऱ्या फाइलसकट, कारण काही सॉफ्टवेअरचं लायसन्स लांबून उघडलं की अडून बसतं, आणि ते अडलं तर अजून ऑफिसात बसूनच काम उरकायला संध्याकाळ हातात आहे.