दुपदरी रस्ता चौपदरी करताना: नवा रस्ता कोणत्या अंगाला, आणि पाणी कुठे?

चौपदरीकरणाचा प्रस्ताव हातात आला की पहिली चर्चा डांबराच्या जाडीवर होते. वास्तविक आधी ठरवायचे असते ते हे, की दुभाजकाच्या पलीकडचा नवा रस्ता जुन्या रस्त्याच्या कोणत्या अंगाला घ्यायचा. दोन्ही बाजूंनी सारखे रुंदीकरण नकाशावर न्याय्य दिसते, पण त्यात दोन्हीकडची घरे, विहिरी आणि वडांच्या रांगा जातात आणि बांधकामाच्या काळात वाहतुकीला एकही अबाधित पट्टा उरत नाही. म्हणून शक्य तेथे नवा रस्ता एकाच अंगाला घ्यावा. गाव किंवा जुनी झाडे वाचवण्यासाठी बाजू बदलावीच लागली, तर ती सरळ लांबीत न बदलता वळणावर बदलावी, म्हणजे चालकाला ती खटकत नाही. दोन्ही रस्ते शेजारीशेजारी असलेच पाहिजेत, असेही नाही. खंबाटकीत वर्षानुवर्षे पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने घाटातून आणि साताऱ्याहून येणारी वाहने बोगद्यातून गेली. मात्र बोगद्यानंतरच्या उतारावरील इंग्रजी एस आकाराचे वळण अपघातांसाठी ओळखले गेले, हेही अशी आखणी करताना विसरू नये.

आखणीपूर्वी सलग ७ दिवस, २४ तास वाहतूक मोजून घ्यावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या मार्गदर्शिकेनुसार सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला सुमारे १५,००० पीसीयू, म्हणजे मोटारीच्या मापात मोजलेली वाहने, इतकी धरतात. राष्ट्रीय महामार्ग असल्यास भूसंपादन १९५६च्या कायद्याने होते. कलम ३अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाल्यावर हरकतींसाठी २१ दिवस मिळतात, आणि एक वर्षाच्या आत ३ड ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची, घोषणा झाली नाही तर अधिसूचना आपोआप संपते. त्यामुळे संयुक्त मोजणी आणि सात-बाराच्या नोंदींची पडताळणी शेवटच्या महिन्यांवर ढकलू नये.

पुणे परिसरात खडीची वानवा नाही, कारण खाली सगळा बेसाल्ट आहे. त्रास देते ती काळी माती. दौंड-इंदापूरकडे ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा उचलते. मुक्त फुगवण निर्देशांक, म्हणजे पाण्यात माती किती फुगते त्याचे माप, ५० टक्क्यांहून अधिक असलेली माती भरावात घेऊ नये. ती काढून मुरूम भरावा किंवा चुन्याने स्थिर करावी, आणि वरच्या ५०० मिलिमीटर थराची घनता प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ९७ टक्के होईपर्यंत रोलर थांबवू नये. नवा भराव जुन्याला टेकत असेल, तर जुन्या उतारावर किमान ३०० मिलिमीटर रुंदीच्या पायऱ्या कापूनच माती टाकावी. हे टाळले, तर सांध्यावर पुढे लांबच लांब भेग पडते.

पाण्याकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे. जुना दुपदरी रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता असतो. आता तो एकाच दिशेच्या वाहतुकीचा होणार असल्याने त्याला दुभाजकाकडून बाहेरच्या कडेकडे एकच उतार द्यावा लागतो, आणि त्यासाठी डांबराचा वरचा थर टाकण्याआधी पातळी सुधारणारा वेगळा थर अंदाजपत्रकात धरावा लागतो. वळणावर तर चित्र उलटे होते. तेथे बाहेरची कड उचललेली असल्यामुळे वळणाच्या बाहेरच्या रस्त्यावरचे सगळे पाणी दुभाजकाकडे येते. तेथे गटार आणि त्याखालून बाहेर नेणारा पाइप नसेल, तर ते पाणी दुभाजकाच्या मातीत मुरून दोन्ही रस्त्यांच्या पायापर्यंत पोहोचते. जुन्या प्रत्येक मोरीसमोर (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या बांधकामासमोर), त्याच ओघाच्या रेषेत, तिच्याहून कमी नसलेली मोरी नव्या रस्त्याखाली बांधावी. जुनी मोरी गाळाने अर्धी बुजलेली असताना घेतलेले माप आराखड्यात जाते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की मोजमापापूर्वी ती साफ करण्याचा खर्च मागून घ्यावा.

बांधकामाचा क्रम सोपा आहे, फक्त पाळावा लागतो. नवा रस्ता मोऱ्या, पूल आणि साइडपट्ट्यांसह पूर्ण करावा, त्यावर दुतर्फा वाहतूक वळवावी, आणि मगच जुना रस्ता उकरावा. जुन्याची उरलेली ताकद एफडब्ल्यूडी, म्हणजे वजन टाकून रस्ता किती दबतो हे मोजणाऱ्या, यंत्राने आधी तपासावी. त्याचे खालचे थर चांगले असल्यास ते टाकून देण्याचे कारण नाही. तात्पुरत्या दुतर्फा भागात मधोमध अडथळे आणि रात्री चमकणारे फलक हवेतच, कारण रुंद नवा रस्ता पाहून चालकाला तो एकेरी वाटतो. पावसात डांबराचे काम होत नाही, म्हणून वाहतूक वळवण्याची तारीख जूनआधीची असावी. वारीच्या मार्गावर तर पालख्या येण्यापूर्वी खडीचे ढीग, उघडे खड्डे आणि लोखंडी सळ्या हटवलेल्या असल्या पाहिजेत. दिवे घाटासारख्या ठिकाणी पायी चालणाऱ्यांना बाजूला सरायला जागाच नसते.

दुभाजकातील फाटे, म्हणजे पलीकडे वळण्यासाठीच्या मोकळ्या जागा, गावकऱ्यांशी बोलून, पण मोजकेच ठेवावेत. फाटा दूर आणि सेवा रस्ता नाही, अशा ठिकाणी दुचाकीस्वार आणि उसाचे ट्रॅक्टर उलट दिशेनेच येतात, आणि दंडाच्या फलकाने ते थांबत नाहीत. म्हणून सेवा रस्ता आणि पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग मूळ कंत्राटातच घालावा. रस्ता खुला झाल्यावर पहिल्या पावसात एकदा भिजत पायी फिरावे आणि वळणावरच्या दुभाजकालगत, तसेच पुलांच्या दोन्ही टोकांना पाणी साचलेले किंवा भराव खचलेला दिसल्यास साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या आरंभापासूनच्या अंतरासह) नोंद करून, दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची कंत्राटदाराची मुदत, संपण्याआधी कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी.