रक्त, रस्ता आणि राजवट एकाच प्रकल्पात: विदर्भातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि तालुक्याच्या कॉलेजातही एकाच प्रकल्पात तीन-तीन विषय यायला लागले. जीवशास्त्राची मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे आकडे आणते, भूगोलाचा मुलगा दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढतो आणि इतिहासवाला तोच रस्ता गोंड राजांच्या काळात नेऊन भिडवतो. कल्पना वाईट नाही. विदर्भात हे तीन विषय खरोखरच एका गावात भेटतात. पण असे प्रकल्प वाचताना एक खोड परत परत दिसते. आपल्या विषयातला कागद विद्यार्थी तपासून घेतो, मित्राच्या विषयातला मात्र डोळे मिटून. शिबिरातला रिपोर्ट, एसटीचं वेळापत्रक, गॅझेटिअरचं (इंग्रजी अमलातल्या सरकारी माहितीग्रंथाचं) पान, हे तिन्ही कागद कुणीतरी कशासाठी तरी तयार केलेले असतात. ते 'कशासाठी' विचारायचं राहिलं की पुढच्या चुका रांगेने येतात.

स्क्रीनिंगला निदान समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

गावात शिबिर होतं, बोटातून रक्ताचा थेंब घेतात, सोल्युबिलिटी टेस्ट करतात. नळीतलं द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. विद्यार्थी लगेच लिहितो, 'गावात इतके सिकलसेल रुग्ण आढळले.' ही टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात हिमोग्लोबिन एस आहे. ते एकाच पालकाकडून आलंय, म्हणजे माणूस एएस, नुसता वाहक आहे, की दोघांकडून आलंय, म्हणजे एसएस, आजारी आहे, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. गावातली आशाताईसुद्धा 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' असा फरक करून बोलते. घोळ प्रकल्पाच्या वहीत होतो.

उलट बाजूही आहे. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून माणूस मोकळा झाला असं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं, त्यामुळे एस पकडलं जात नाही. रक्तक्षय तीव्र असेल तरी टेस्ट फसू शकते, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरीही. म्हणजे ज्या वस्तीत बायांचं हिमोग्लोबिन आधीच तळाला गेलंय, तिथेच निगेटिव्ह रिपोर्टवर जास्त शंका घ्यायला हवी. प्रकल्पात हे वाक्य एकदा तरी दिसलं पाहिजे.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या काळाची. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालं आणि गावोगावी तपासण्या वाढल्या. तपासण्या वाढल्या की सापडणारे लोकही वाढणारच. 2022 आणि 2024 च्या नोंदी शेजारी ठेवून 'आजार वाढतोय' असा बाणाचा आलेख काढू नका. किती जणांची तपासणी झाली तो आकडा खाली नसेल तर वरच्या आकड्याला अर्थ नाही.

आणि कोण तपासलं गेलं तेही बघा. ग्रामीण रुग्णालयात आलेल्यांची यादी म्हणजे गाव नव्हे. तिथे आजारीच माणूस जातो. गावात गेलात तरी कधी गेलात यावर बरंच ठरतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोलीच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, दिवसा कोण सापडणार? हिवाळा संपता संपता पूर्व विदर्भातले मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. घरी उरतात म्हातारे आणि लहान मुलं. त्यांच्या रक्तावरून सगळ्या गावाचं प्रमाण काढणं बरोबर नाही.

संमती नंतर घेता येत नाही

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची परवानगी रक्ताचा पहिला थेंब घेण्याआधीची लागते. मागची तारीख टाकून आणलेली परवानगी कुठलीही कमिटी देत नाही, देऊही नये. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. सात ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची तयारीही विचारायची असते. सही न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. सरपंचांनी 'करा' म्हटलं किंवा ग्रामसभेने ठराव दिला म्हणजे घराघरातली संमती मिळाली असं होत नाही. भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या आजीला मराठी फॉर्म वाचून दाखवला आणि तिने मान हलवली, तर त्या मानेला संमती म्हणायला माझं मन तरी तयार होत नाही. दुभाषी म्हणून त्याच घरातल्या पोराला उभं करू नका.

नाव लपवलं म्हणजे ओळख लपली, हाही गैरसमज. चाळीस घरांच्या टोल्यात 'स्त्री, 19 वर्षे, एएस' एवढं छापलं तरी चहाच्या टपरीवर नाव कळतं. सिकलसेल म्हटलं की लग्नाचा प्रश्न लगेच येतो. मग तिच्या लग्नाच्या बोलणीत तुमचं पोस्टर हजर. गावाचं नाव काढा, वयाचे गट करा, तालुका पातळीवर लिहा.

फाट्यापर्यंतचं अंतर कोण मोजणार?

भूगोलवाल्यांची पहिली चूक संगणकावरच होते आणि ती खास विदर्भाची आहे. यूटीएम या, गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडणाऱ्या प्रक्षेपणाच्या झोन 43 आणि 44 यांची सीमा 78 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे बरोबर आपल्या अंगणातून जाते. अकोला, अमरावती 43 मध्ये. यवतमाळ, वर्धा, नागपूर 44 मध्ये. माहितीचे अर्धे थर एका झोनमध्ये आणि अर्धे दुसऱ्यात ठेवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले की गावं भलतीकडे सरकतात. त्याहून भाबडी चूक म्हणजे प्रक्षेपण न बदलता थेट अंशांतच अंतर मोजणं. आपल्याकडे, 21 अंश अक्षांशाच्या आसपास, एक अंश अक्षांश साधारण 111 किलोमीटर भरतो आणि एक अंश रेखांश साधारण 104. दोन्ही सारखे धरले की दवाखान्याभोवती काढलेलं वर्तुळ प्रत्यक्षात वर्तुळ राहतच नाही. सगळे थर एकाच झोनमध्ये आणा आणि दोन ओळखीच्या गावांमधलं अंतर हाताने तपासा.

वर्तुळ हा प्रकारच मुळात संशयास्पद. वैनगंगेच्या पल्याडचा दवाखाना सरळ रेषेत जवळ दिसतो, पण पूल लांब असतो. समृद्धी महामार्गाचंच बघा. 701 किलोमीटरचा, शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. नकाशावर तो गावाला खेटून जातो. पण हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. कुठूनही चढता येत नाही. त्यामुळे 'गावापासून महामार्ग 1 किमी' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. इंटरचेंज, म्हणजे महामार्गावर चढायची जागा, किती लांब आहे ते लिहा.

एसटीचं वेळापत्रक हा हेतूचा कागद आहे, घडलेल्या गोष्टीचा नव्हे. ते आगारातून आणा, पण फाट्यावर उभं राहून पडताळा. गावकऱ्यांना विचारलं तर उत्तर मिळतं, "येते जी, पण पानी आलं का नाई येत." या एका वाक्यात तुमच्या प्रवेशयोग्यतेच्या नकाशाची दुरुस्ती आहे. रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहायला लागलं की उन्हाळ्यातला वीस मिनिटांचा रस्ता बंदच होतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी दर पावसाळ्यात वाचलेलीच असते. मग नकाशाच्या शीर्षकात 'उन्हाळ्यातील स्थिती' का लिहायचं नाही? शक्य असेल तर दोन नकाशे करा. मुक्कामी गाडी, फाट्यापासूनची पायपीट, काळीपिवळी भरेपर्यंत वाट बघण्याचा वेळ, हे सगळं प्रवासातच धरायचं. आजारी माणूस घरातून निघतो, स्टँडवरून नाही.

प्रवासी संख्येच्या आकड्यांत दोन खड्डे ठरलेले आहेत. 2021-22 च्या एसटी संपाचे महिने आणि त्याआधीची टाळेबंदी. शिवाय ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट. त्यामुळे 2022 च्या तुलनेत 2023 मध्ये महिला प्रवासी वाढल्या तर त्यातलं सवलतीमुळे किती, आधी काळीपिवळीने जाणाऱ्या किती आणि खरंच नव्याने घराबाहेर पडलेल्या किती, हे तिकिटाच्या आकड्यावरून वेगळं निघत नाही.

गॅझेटिअर म्हणजे मध्ययुग नव्हे

इतिहासाच्या भागात हटकून दिसतो तो ग्रँटचा 1870 चा मध्य प्रांताचा गॅझेटिअर किंवा लायलचा वऱ्हाडचा, तोही 1870 चाच. विद्यार्थी त्यातलं वाक्य उचलतात आणि 'पंधराव्या शतकात असं होतं' म्हणून ठेवतात. हे ग्रंथ इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभारासाठी लिहिले, घटनेनंतर चारशे वर्षांनी. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजांची सालं बहुतेक जण ज्या यादीवरून देतात, तिचा माग 1869 च्या लुसी स्मिथच्या सेटलमेंट (जमीन महसूल) रिपोर्टपर्यंत जातो. त्यातल्या सुरुवातीच्या राजांचा आधार परंपरा आहे, शिलालेख नव्हे. वापरा, पण 'रिपोर्टनुसार' लिहा. भोसल्यांनी 1751 मध्ये चांदा घेतलं, हे साल त्या मानाने भक्कम जमिनीवर आहे. दोन्ही प्रकारची सालं एकाच ठसठशीत अक्षरात छापू नका.

सनावळीतली चूक तर हमखास. शके असेल तर 78 मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 79. हिजरीत मात्र 622 मिळवून भागत नाही, कारण ते चांद्रवर्ष आहे, साधारण 354 दिवसांचं. हिजरी 982 मध्ये 622 मिळवले तर 1604 येतं. खरं उत्तर 1574-75. तीस वर्षांची चूक! 1574 मध्ये अचलपूरची इमादशाही, म्हणजे वऱ्हाडची सल्तनत, अहमदनगरच्या निजामशाहीने संपवली आणि 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं. चुकीच्या बेरजेने तुम्ही इमादशाहीला अकबराच्या अमलाखाली जिवंत ठेवता.

'वऱ्हाड' या नावाची हद्दही काळाबरोबर हलते. अकबराच्या कारभाराची नोंद असलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथातल्या वऱ्हाड सुभ्यात माहूर आहे, पाथरी आहे, बैतूलकडचं खेरलाही आहे. तो आजचा अमरावती विभाग नाही. जवळच्या काळातही तेच होतं. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरमधून, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून निघाला. 1991 आणि 2001 च्या जनगणनेत 'अकोला जिल्ह्याची लोकसंख्या' ताडून पाहणारा विद्यार्थी दोन वेगळे प्रदेश ताडून पाहतोय. तालुक्यांची बेरीज करून जुनी हद्द पुन्हा बांधावी लागते.

प्रत्येक काळ्या दगडाच्या देवळाला हेमाडपंती म्हणायची सवय सोडा. हेमाद्री तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या आधीची देवळंही त्याच्या नावावर जमा झाली आहेत.

तीन नकाशे एकावर एक

मोह आवरत नाही तो इथे. सिकलसेलचा नकाशा, जुन्या वाटांचा नकाशा आणि आजच्या रस्त्यांचा नकाशा एकावर एक ठेवले, रंग जुळले, आणि निष्कर्ष आला की मध्ययुगीन व्यापारी मार्गांनी आजार पसरला. थांबा. हा जनुकातला बदल आहे, साथ नव्हे. तो व्यापाऱ्याच्या बैलगाडीतून उतरून गावात पसरत नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना संरक्षण मिळालं, पिढ्यान् पिढ्या जातीत-जमातीत लग्नं होत राहिली, आणि हे सगळं गोंड राजांच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. जंगलपट्टा, मलेरिया आणि विरळ रस्ते एकाच ठिकाणी असल्यामुळे नकाशे जुळलेले दिसतात. याउलट 'दवाखाना लांब असल्याने निदान उशिरा होतं का' हा प्रश्न तुमच्याच आकड्यांवर तपासता येतो. तो घ्या.

आजचा नकाशा मागे ढकलणं ही याच चुकीची जुळी बहीण. अचलपूर आज आडबाजूला वाटतं, कारण मुंबई-नागपूरची मुख्य रेल्वे बडनेऱ्यावरून गेली. 1867 मध्ये ती नागपूरला पोचली. अचलपूरच्या वाट्याला पुढे मूर्तिजापूरहून येणारी अरुंद, 762 मिलिमीटर रुंदीची शकुंतला आली, कापसासाठी. पण त्याआधी हेच अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर, सुभ्याचं ठाणं होतं. आजच्या रेल्वेच्या नकाशावरून सोळाव्या शतकातलं महत्त्व ठरवता येत नाही.

तिघांच्या याद्या जोडताना गावाच्या नावावर जोडू नका. हिवरा, वडगाव, पिंपळगाव एका तालुक्यातच दोन-तीन सापडतात. 2011 च्या जनगणनेचा गावकोड वापरा. महसुली यादीतल्या रिठी गावांकडेही लक्ष असू द्या. नाव आहे, शिवार आहे, वस्ती नाही. आरोग्याच्या तक्त्यात ती लोकसंख्या शून्य म्हणून गोंधळ घालतात. इतिहासवाल्याने मात्र तिथे थांबून विचारावं की गाव उठलं कधी.

चूक आधीच झाली असेल तर

नुसती सोल्युबिलिटी टेस्ट झाली असेल तर शीर्षकातला 'रुग्ण' शब्द काढा आणि सगळीकडे 'स्क्रीनिंग पॉझिटिव्ह' करा. प्रकल्प तेवढ्याने लहान होईल, पण खरा राहील. परवानगीशिवाय रक्ताचे नमुने किंवा मुलाखती घेतल्या असतील तर तो भाग वापरू नका. छापून आलेल्या, नावं नसलेल्या आकड्यांवर प्रकल्प वळवा आणि मार्गदर्शकांना आजच सांगा. अंतरं चुकली असतील तर थर पुन्हा प्रक्षेपित करायला एक दुपार पुरते. पावसाळ्याची माहिती गोळा करायची राहिली असेल तर ती अंदाजाने भरू नका. मर्यादांच्या परिच्छेदात लिहा. सालं चुकली असतील तर प्रत्येक तारखेच्या शेजारी मूळ शक किंवा हिजरी सन ठेवा, म्हणजे परीक्षकालाही पडताळता येईल.

आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला गट एकच निवडावा लागतो. वैद्यकच्या गटात गेलात तर परीक्षक इमादशाहीबद्दल विचारणार नाहीत, एचपीएलसी का केलं नाही ते विचारतील. म्हणून ज्या विषयातला तुमचा पुरावा सगळ्यात पक्का आहे त्या गटात जा आणि बाकीचे दोन विषय पोस्टरच्या एका कोपऱ्यात बसवा. तिघांपैकी बोलायला कोण उभं राहणार तेही त्यावरूनच ठरवा.