विहिरीचं पाणी पिवळं येतंय? नाल्याला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या विहिरीचं पाणी दोन-तीन दिवस पिवळसर यायचं, आम्ही म्हणायचो नाल्याचं आलं असन, ब्लिचिंग पावडर टाकायची अन् मोकळं व्हायचं. एकदा भर पावसात कोठ्यामागं जाऊन उभा राहिलो त काय, उकिरड्यातून कोऱ्या चहासारखं पाणी निघून सरळ विहिरीकडं चाललेलं अन् ओट्याला खालून बोटभर फट. ढोरं आपलीच, शेण आपलंच!

उकिरडा विहिरीपासून लांब आहे एवढ्यानं भागत नाही भाऊ, उतार कुठं आहे ते बघा. विहिरीच्या खालच्या अंगाला हलवा, वरून येणारं पाणी वळवायला चर खोदा, पावसाळ्यात ताडपत्री टाका. ते काळं पाणी वाहून जाते म्हणजे खतातलं नत्रच जाते, नुकसान वावराचंही होते.

अन् पाणी नितळ दिसते म्हणून चांगलं, हे डोक्यातून काढा. शेणामुतातून, संडासच्या खड्ड्यातून नायट्रेट, म्हणजे नत्राचाच पाण्यात विरघळणारा क्षार, उतरते, त्याला ना रंग ना वास. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते तसं वाढते, अन् सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पावडरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं त लय धोका. नमुना तपासूनच घ्या.

गढूळ पाण्यात ब्लिचिंग टाकू नका, सगळी पावडर गाळातच खर्च होते. आधी निवळू द्या, टाकल्यावर अर्धा तास थांबा. पिशवी उघडी राहिली असन त तिच्यात दम उरत नाही.

न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात मुरतच नाही ही तक्रार आपल्याकडं नेहमीची. काळी माती भिजली की फुगते, पाणी पीत नाही. केळीच्या नाहीतर अळूच्या आळ्यात सोडा.

गोचिडाचं औषध लावून बैल किंवा कुत्रं लगेच नाल्यात नेऊ नका, पोळ्याच्या वेळी त हमखास होते. यातली बरीच औषधं मासोळ्यांना थोडीशीही सहन होत नाहीत. बादलीत उरलेलं नालीत ओतू नका.

आमची फट सिमेंटनं बुजवली, उकिरडा खाली नेला. आई अजून कुरकुरते, शेणाचं टोपलं घेऊन वीस पावलं जास्त पडतात म्हणते.