ओल धरलेली भिंत आणि थंडीआधीची डागडुजी

रत्नागिरी तालुक्यातील आमचे घर चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचे असून वर मंगळुरी कौले आहेत. जांभा दगड सच्छिद्र असल्याने तो पावसाळाभर पाणी शोषतो, आणि पश्चिमेच्या खोलीची झड लागणारी भिंत गेल्या दोन हिवाळ्यांत इतकी गार व दमट राही, की तिला टेकून ठेवलेल्या अंथरुणांना बुरशी येई. चूक माझीच होती : दसऱ्याच्या घाईत मी ओल्या भिंतीवरच ऑइल पेंट लावला होता, त्यामुळे आतली ओल बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

या वर्षी पाऊस परतताच झड अडवायला बांधलेली झापे (विणलेल्या झावळ्या) आधी सोडली, रंग खरवडला, सुटलेला गिलावा पाडला आणि ऑक्टोबरच्या उन्हात भिंत तीन आठवडे तशीच उघडी ठेवली. घरच्यांना ते ओंगळ वाटले, पण मी बधलो नाही. वर आलेले पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडले (पाण्याने धुतल्यास ते विरघळून पुन्हा आत मुरतात), मग चुन्याचा गिलावा करून, तो वाळल्यावर चुन्याचेच दोन हात दिले. सरकलेली कौलेही बसवून घेतली. डिसेंबर संपत आला, तरी भिंत हाताला कोरडी लागते.